पद्मिनीबाईंनी न वाचलेला शेवट

समजा, हे काम तुमच्याकडे आलं आहे. व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमधल्या एका घरात, वरच्या बेडरूमला लागून असलेल्या क्लॉझेटमध्ये तुम्ही प्लास्टिकच्या स्टुलावर बसला आहात. दोन्ही बाजूंना साड्या टांगलेल्या आहेत, कारण कापड आवाज पितं, घुमू देत नाही. पायाशी नवऱ्याचे बर्फातले बूट आहेत. समोर माइक आणि मांडीवर कुणा अनोळखी माणसाची कथा. लिहिणाऱ्याचं नाव तुम्हाला सांगितलेलं नाही. ती कथा सलग, न अडखळता वाचायची. रडू आलं तर आवाज ओला होऊ द्यायचा नाही, हसू आलं तर ते ओठांच्या आत ठेवायचं. तुमच्या तोंडून जे बाहेर पडेल तीच कथा. ऐकणाऱ्यांपुढे दुसरं काहीच नसतं.

वाचून झालं. माइक बंद केला. आता कुणी विचारलं, की कागदावर होतं तेवढंच वाचलंत ना, तर तुम्ही काय सांगाल?

पद्मिनी टिपणीस यांनी हसून सांगितलं असतं, "हो तर! मग आणखी काय वाचणार?"

त्या ज्या पुरस्कारासाठी वाचत त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे. अमेरिकाभरची मराठी मंडळी त्याला नुसतं 'दुहेरी' म्हणतात. कथा मराठीत पाठवा नाहीतर इंग्रजीत, सगळ्या एकाच रांगेत बसतात आणि बक्षीस एकच. जिंकलेल्या कथेचा दुसऱ्या भाषेत अनुवाद होतो आणि दोन्ही समोरासमोरच्या पानांवर छापतात. देश एक, भाषा दोन, मान एक, असं दुहेरीच्या पहिल्या समारंभात कुणीतरी म्हटलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

अडचण परीक्षकांची होती. त्यांतले निम्मे इथे जन्मलेले. त्यांना मराठी कळायचं, अगदी आजीच्या टोमण्यांसकट कळायचं. पण देवनागरीचं पान समोर आलं की ते शाळेतल्या पोरासारखे अक्षर अक्षर लावत बसायचे आणि दुसऱ्या पानावर दमायचे. मग ते इंग्रजी कथा मन लावून वाचत आणि मराठी कथांना 'व्हेरी मूव्हिंग' असा शेरा मारून मोकळे होत. सुरुवातीची सगळी बक्षिसं इंग्रजीकडे गेली. मराठीत लिहिणारे म्हातारे चिडले. आम्ही काय शोभेला बोलावलेत का, असं त्यांनी भर सभेत विचारलं.

तेव्हा डब्लिनच्या देवयानीनं मार्ग काढला. डब्लिन म्हणजे ओहायोतलं. ही देवयानी तिथल्या एका विमा कंपनीत मोठ्या पदावर होती आणि दुहेरीचा सगळा व्याप एकटीनं ओढायची. ती म्हणाली, "वाचता येत नाही ना? मग ऐका." तेव्हापासून दोन्ही भाषांतल्या कथा मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायच्या आणि परीक्षकांनी त्या फक्त ऐकायच्या असं ठरलं. छापील पान कुणी बघायचं नाही, म्हणजे कुणाचं पारडं जड होणार नाही. इंग्रजीसाठी वेगळा माणूस होता. मराठीसाठी पद्मिनीबाई मिळाल्या.

मिळाल्या म्हणजे काय, त्या वाटच बघत होत्या. तरुणपणी सांगलीच्या आकाशवाणीवर त्या हंगामी निवेदिका होत्या. मग लग्न झालं, व्हर्जिनिया आलं, आणि तो आवाज एका बँकेच्या फोनवर गेला. वर्षानुवर्षं त्या इंग्रजीत 'मी आपली काय मदत करू' असं विचारत राहिल्या आणि पलीकडून लोक 'दुसरं कुणी आहे का तिथे' असं विचारत राहिले. सुपरवायझरनं शिकवलं तसे त्यांनी उच्चार घासूनपुसून सपाट केले. घरी आल्यावर मराठी बोलतानासुद्धा आपण कुणाची तरी तक्रार नोंदवून घेतोय असं त्यांना वाटायचं. निवृत्त झाल्या त्या वर्षी देवयानीचा फोन आला. क्लॉझेटमध्ये बसून त्यांनी पहिली कथा वाचली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "शेखर, माझा आवाज सापडला रे."

"कुठे ठेवला होतास?" चंद्रशेखर म्हणाला. "बघ, माझा मफलरही तिथेच असेल."

चंद्रशेखर टिपणीस हा असा माणूस. डेटा सेंटरमधल्या चिलरवर त्याची उभी हयात गेली. चिलर म्हणजे हजारो कॉम्प्युटर थंड ठेवणारी अजस्र यंत्रं. अ‍ॅशबर्नमध्ये अशा खिडक्या नसलेल्या इमारती रांगेनं उभ्या आहेत आणि त्यांची गुणगुण गावावर चोवीस तास असते. नवीन आलेल्यांना ती ऐकू येते, जुन्यांना येत नाही. पद्मिनीबाईंच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी ती होती, पातेल्याच्या बुडाला खरवड धरावी तशी. परीक्षकांनाही तिची सवय झाली होती. मराठी कथा म्हणजे टिपणीस मावशी आणि खालून ती गुणगुण.

मराठी कथा जिंकू लागल्या. दर वर्षी नाही, पण निम्म्या वेळा तरी. आता इंग्रजीवाले कुरकुर करू लागले. कथा साधीच असते, बाई वाचते म्हणून जिंकते, असं कुणीतरी एका मेळाव्यात बोललं. पद्मिनीबाईंना ते लागलं. त्या आणखी कोरडं, आणखी सपाट वाचू लागल्या. कागद आणि माइक यांच्यामध्ये आपण कुठे दिसताच कामा नये, हा त्यांनी धर्म करून घेतला.

आणि मग ती कथा आली. नाव होतं 'गाडी सुरू ठेवली आहे'.

मिशिगनमधला एक निवृत्त इंजिनियर. बायको गेलेली. ती होती तेव्हा हिवाळ्यात तो रोज सकाळी आधी बाहेर जाऊन गाडी सुरू करून ठेवायचा, म्हणजे ती येईपर्यंत पुढचं सीट गरम व्हायचं. ती गेल्यावरही तो ते थांबवू शकत नाही. रोज गाडी सुरू करतो, खिडकीत उभा राहतो, बघतो. बस, एवढीच कथा. शेवटचं वाक्य असं होतं: 'काचेवरचा बर्फ वितळून गेला आणि गाडी तशीच सुरू राहिली.' पद्मिनीबाईंनी ते वाचलं, माइक बंद केला, फाइल देवयानीला पाठवली आणि खाली जाऊन कुकर लावला.

कथा पहिली आली. परीक्षकांमध्ये त्या वर्षी वाद म्हणून झाला नाही. जिंकल्यावरच लेखकाचं नाव उघडलं: पुरुषोत्तम पांढरीपांडे, मूळचे नागपूरचे, आता मिशिगनमधल्या ट्रॉयचे. इंग्रजी अनुवाद नील करणार होता. नील परीक्षकांपैकीच एक, अटलांटात जन्मलेला, पोरगेला वकील. तोही कानानंच अनुवाद करायचा, रेकॉर्डिंग थांबवत, पुन्हा लावत. त्याचा अनुवाद रिवाजाप्रमाणे लेखकाकडे संमतीसाठी गेला.

त्यानंतरच्या एका दुपारी देवयानीचा फोन आला. पद्मिनीबाई मेथी निवडत होत्या.

"ताई, मोकळ्या आहात? लाइनवर नील आहे, आणि पांढरीपांडे काकापण आहेत. जरा गोंधळ झालाय."

"कसला गोंधळ?"

"नमस्कार वहिनी," एक जाड, संथ आवाज आला. "तुम्ही फार छान वाचलं. माझी तक्रार काहीच नाही. मला एवढंच सांगा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"शेवटचं. मागच्या सीटचं."

पद्मिनीबाईंना वाटलं, माणूस म्हातारा आहे, दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. "मागचं सीट कथेत कुठे आहे? तुम्ही तर पुढचं लिहिलंयत."

"मी पुढचंच लिहिलं," पुरुषोत्तमराव म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

"मावशी, आय स्वेअर, मी काही अ‍ॅड नाही केलं," नील मध्येच बोलला. "तुम्ही बोललात ते मी ट्रान्सलेट केलं. दॅट एन्डिंग इज द होल स्टोरी, यार. त्याच्यासाठीच तर सगळ्यांनी व्होट केलं."

"नील, यार नको म्हणूस, मावशी आहेत त्या," देवयानी म्हणाली. पण तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "ताई, तुमच्याकडची फाइल एकदा ऐकाल का?"

पद्मिनीबाईंनी मेथी तशीच टाकली. चंद्रशेखरला हाक मारली. दोघं डायनिंग टेबलाशी बसले, समोर छापील कथा, बाजूला लॅपटॉप. शेवटचं पान लावलं. काचेवरचा बर्फ वितळून गेला आणि गाडी तशीच सुरू राहिली. इथे त्यांचा हात बटणाकडे गेला होता, तो त्यांना आठवत होता. रेकॉर्डिंग मात्र पुढे चाललं.

'मग मागचं दार उघडलं आणि लागलं. तो वळला नाही. त्याच्या सीटच्या पाठीवर मागून बोटं वाजली. चला चालक, ती म्हणाली. आज हायवेनं नका नेऊ. आतल्या रस्त्यानं घ्या. मला लोकांची घरं बघायची आहेत.'

आवाज पद्मिनीबाईंचा होता. श्वास त्यांचा होता, शब्द सुरू करण्याआधी त्या जो बारीकसा घेतात तो. परिच्छेदाच्या शेवटी आवंढा गिळल्याचा आवाज होता, तोही त्यांचाच. छापील पानावर मात्र त्या वाक्याखाली पांढरा कागद होता.

"तूच जोडलंस की काय गं?" चंद्रशेखर म्हणाला. "पण बरं जमलंय. बँकेत नोकरी करून फुकट गेलीस."

"शेखर, मी हे बोललेले नाही."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. मग त्यानं हेडफोन लावला, तेवढाच तुकडा पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला. परत मागे जाऊन आधीचं पान ऐकलं. यंत्राशी बोलणारी माणसं ऐकतात तसं, मान थोडी तिरकी करून.

"पद्मा, आपली गुणगुण आहे ना, ती बर्फाच्या वाक्यापर्यंत आहे. पुढे नाही."

"बंद पडली असेल."

"ती बंद पडली तर अर्ध्या जगाचे फोन बंद पडतील." तो हसला नाही. "आणि तिच्या जागी दुसरं आहे काहीतरी. ऐक. हा चिलर नाही. हे लहान इंजिन आहे. गाडी उभी आहे आणि सुरू आहे."

पद्मिनीबाईंनी हेडफोन कानाला लावला. आपल्या साड्यांमध्ये, आपल्या श्वासाच्या मागे, एक गाडी धीरानं उभी होती.

पुढचे दिवस त्यांनी एकच काम केलं. पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या कथा आणि सगळ्या फाइली काढल्या आणि शब्दन्‌शब्द ताडून पाहिल्या. त्यांच्या मनात आईचा विचार येत होता का, तर होता. म्हातारपणी आई समोर कुणी नसताना पाहुणे आल्यासारखा चहा करायची, त्यांच्याशी बोलायची. पण आईचं बोलणं विस्कटलेलं असायचं. हे तर घासून ठेवल्यासारखं नीट होतं. ताडून झालं. कुठे एक 'आणि' जास्त नव्हता. देवयानीला त्यांनी तसं सांगितलं.

"मला खात्री आहे ताई," देवयानी म्हणाली. "पण लोकांना काय सांगू? मराठी वाचणाऱ्या बाईनं एका कथेला शेवट जोडला आणि ती जिंकली. हे बाहेर गेलं तर मागच्या सगळ्या मराठी बक्षिसांवर बोट दाखवतील. तुमच्यावर दाखवतील. मला फक्त एक सांगा, पुढच्या वर्षी तुम्ही वाचाल तेव्हा कागदावर असेल तेवढंच वाचाल?"

हाच तो प्रश्न होता. बँकेत असताना विचारला असता तर पद्मिनीबाईंनी झटकन हो म्हटलं असतं. आता त्या फोन धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना जाणवलं, की आयुष्यात आपलं म्हणावं असं एवढंच उरलंय. हो म्हणता आलं नाही तर तेही गेलं.

"मी तीच कथा पुन्हा वाचून बघते," त्या म्हणाल्या. "माणसांसमोर. दिवसाउजेडी. कुणीतरी पान हातात धरून ऐकेल. मग कळेल."

हे पुरुषोत्तमरावांच्या कानावर गेलं आणि त्यांनी लगेच विमानाचं तिकीट काढलं. एकच अट घातली. रेकॉर्ड करायचं नाही. देवयानी नाराज झाली, पुरावा नको का म्हणाली. पण पद्मिनीबाईंनी अट मान्य केली. काही होणारच नाही याची त्यांना इतकी खात्री होती, की रेकॉर्ड केलं काय नि न केलं काय.

पुरुषोत्तमराव आले ते भाड्याच्या गाडीनं, एअरपोर्टवरून. उंच, वाकलेले, स्वेटरच्या आत टाय. सोफ्यावर न बसता ते उभेच राहिले. चंद्रशेखरनं चहा विचारला.

"घेतो ना. साखर टाका भरपूर. आता रागावणारं कोणी नाही."

मग चहाचा कप हातात धरून त्यांनी सांगितलं, सांगायचं म्हणून नाही, तर इतक्या लांब आल्यावर सांगायलाच हवं म्हणून. शेवटच्या वर्षी त्यांच्या बायकोला, सुमित्राबाईंना, औषधांमुळे उजेड सोसायचा नाही. पुढच्या काचेतून ऊन डोळ्यावर यायचं, म्हणून त्या मागे बसू लागल्या. मागे बसून त्या पुरुषोत्तमरावांना एसटीच्या ड्रायव्हरसारखं चालक म्हणायच्या. अहो-जाहो करायच्या. सीटच्या पाठीवर बोटं वाजवून गाडी काढायला सांगायच्या. आणि हॉस्पिटलमधून परत येताना हायवेनं येऊ द्यायच्या नाहीत.

"लोकांच्या खिडक्यांमधून दिवे दिसतात ते बघायचे होते तिला. कोण जेवतंय, कोण टीव्ही बघून राहिलंय," ते म्हणाले. "हे मी लिहिलं नाही. लिहवलं नाही. म्हणून तिला पुढे बसवलं, बरी असल्यासारखी. आमच्या मुलाला पण हे माहीत नाही. गाडीत आम्ही दोघंच असायचो ना."

चंद्रशेखर खिडकीबाहेर बघत होता.

"तुमच्याकडून चोरी झालेली नाही, वहिनी," पुरुषोत्तमराव म्हणाले. "तुम्ही कुठून चोरणार?"

सगळे वर गेले. उन्हाची स्वच्छ दुपार होती. पडदे उघडे, पलंगावर उन्हाचा चौकोन पडलेला. पद्मिनीबाई क्लॉझेटमध्ये नेहमीच्या स्टुलावर बसल्या, दार सताड उघडं ठेवलं. चंद्रशेखर दाराच्या चौकटीला टेकून छापील कथेची दुसरी प्रत घेऊन उभा राहिला. पुरुषोत्तमराव पलंगाच्या कडेला बसले, हात गुडघ्यांवर, डॉक्टरकडे बसतात तसे. माइक बंद होता. तो आधी उचलून बाजूला ठेवला होता.

"सुरू करू?"

"कर," चंद्रशेखर म्हणाला. "मी परीक्षेचा सुपरवायझर. कॉपी केलीस तर पकडीन."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. बाहेरची गुणगुण आज त्यांना स्पष्ट ऐकू येत होती, आणि त्यांना ती हवीच होती. तिला धरून धरून त्या वाचत गेल्या. खिडकी, ड्राइव्ह-वे, बर्फ खरवडायचं फावडं, गरम होणारं सीट. प्रत्येक शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. शेवटचं वाक्य आलं. काचेवरचा बर्फ वितळून गेला आणि गाडी तशीच सुरू राहिली. त्यांनी पूर्णविराम घेतला. ओठ मिटले. ओठ मिटल्याचं त्यांना लख्ख आठवतं, कारण त्यांनी ते मुद्दाम घट्ट मिटले होते. मग त्यांनी पान उलटं करून मांडीवर ठेवलं आणि वर पाहिलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "बघितलंस? काही नाही."

पुरुषोत्तमरावांचा चेहरा ओला होता आणि ते तो पुसत नव्हते. ते हसत होते. असं हसू पद्मिनीबाईंनी अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते दाखवण्यासाठी नव्हतंच. चंद्रशेखरच्या हातातली प्रत जमिनीवर पडली होती.

"शेखर?"

"पद्मा," तो म्हणाला. "तू थांबली नाहीस."

"काय म्हणतोस? आत्ता थांबले. हे आत्ता."

तेव्हा त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. उन्हाचा चौकोन तिथे नव्हता. तो पलंगावरून उतरून कार्पेट ओलांडून गेला होता आणि पलीकडच्या भिंतीवर, लांबट आणि पिवळा होऊन चढला होता. त्यांचा घसा कोरडा पडला होता. पुष्कळ बोलल्यावर पडतो तसा, गप्पा मारमारून पडतो तसा. गालही दुखत होते, हसून दुखतात तसे.

"मी काय म्हणाले?"

चंद्रशेखरनं तोंड उघडलं. पण पुरुषोत्तमराव उठले आणि त्यांनी चंद्रशेखरपुढे हात जोडले.

"नका सांगू," ते म्हणाले. "उपकार होतील. ते आमच्या घरातलं बोलणं होतं."

"अहो, पण माझ्या तोंडून होतं ना!" पद्मिनीबाईंचा आवाज चढला. "मला कळायला नको?"

"वहिनी, तुम्हाला कळलं तर ते तुमचं होईल." ते अगदी हळू बोलले, समजूत घातल्यासारखे. "तेवढं एक माझं राहू द्या."

खाली गेल्यावर त्यांनी दोघांना वाकून नमस्कार केला. ते दोघांपेक्षा वयानं मोठे होते, पण त्यांना अडवायचं कुणाला सुचलं नाही. पद्मिनीबाई दारातून बघत राहिल्या. पुरुषोत्तमराव भाड्याच्या गाडीशी गेले. आधी त्यांनी मागचं दार उघडलं, जरा वेळ धरून ठेवलं, मग सांभाळून लावलं. नंतर पुढे बसले. गाडी कोपऱ्याशी पोहोचली आणि हायवेकडे न वळता आतल्या रस्त्यानं, घरांमधून निघून गेली.

त्यांनी बक्षीस परत केलं. देवयानीला एवढंच कळवलं, की जिंकलेला शेवट माझा नाही, सबब कथाही जिंकलेली नाही. परीक्षकांनी छापील कथा कुणा तिसऱ्याकडून वाचून घेतली आणि पुन्हा मतं दिली. बक्षीस ह्यूस्टनच्या एका मुलीच्या इंग्रजी कथेला गेलं. नील पद्मिनीबाईंना फोन करून म्हणाला, "मावशी, आय स्टिल थिंक तीच बेस्ट होती." त्यांनी त्याला थँक्यू म्हटलं. मागच्या बक्षिसांवर कुणी बोट दाखवलं नाही, कारण देवयानीनं कुणाला काही कळूच दिलं नाही.

देवयानीचा प्रश्न मात्र तसाच होता. त्याचं उत्तर पद्मिनीबाईंनी स्वतःच फोन करून दिलं. "नाही गं, सांगता येत नाही आता. दुसरं कुणी बघ." देवयानी म्हणाली, "ताई, मराठी कथा पुन्हा हरतील." पद्मिनीबाई म्हणाल्या, "हरू देत. पण त्यांच्या त्यांच्या हरू देत." आता दुहेरीच्या मराठी कथा कॉम्प्युटरचा आवाज वाचतो. तो कुठेही अडखळत नाही आणि परीक्षकांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

क्लॉझेटमधलं स्टूल गराजमध्ये गेलं. पद्मिनीबाई आता घरात कमी बोलतात. फोनवर सांगलीच्या बहिणीशी बोलतानासुद्धा वाक्य संपलं की ओठांवर बोट ठेवतात, ते खरंच संपलंय ना हे चाचपल्यासारखं. बोलता बोलता घड्याळाकडे, भिंतीवरच्या उन्हाकडे त्यांचं लक्ष जातं.

चंद्रशेखरला त्यांनी कितीदा तरी विचारलं. पोहे करताना, कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये, चांगल्या मूडमध्ये असताना आणि भांडण झाल्यावर. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर थट्टा करणारा हा माणूस या एका गोष्टीवर करत नाही. "मी हात जोडून घेतलेत त्या माणसाकडून," तो म्हणतो. "विचारू नकोस."

"वाईट होतं का? एवढं तरी सांग."

"नाही. वाईट नव्हतं." एकदा, बऱ्याच दिवसांनी, तो आपणहून एवढंच म्हणाला, "छान हसायची गं ती."

त्या दिवसापासून पद्मिनीबाईंनी सुमित्राबाई काय बोलल्या हे विचारणं सोडून दिलं. ते ज्याचं त्याच्यापाशी राहिलं. पण उन्हाचा तो चौकोन पलंगावरून भिंतीवर जायला वेळ लागला असणार, आणि त्या वेळातलं त्यांना काहीही आठवत नाही, अंधारसुद्धा नाही. आता त्या दुसरंच विचारतात, मोठ्यानं नाही, कारण याचं उत्तर शेखरकडेही नसणार हे त्यांना माहीत आहे. ती माझ्या तोंडानं बोलत होती, हसत होती, तेवढा वेळ मी कुठे होते?